अर्ध्या शिंगाचा बैल

गेल्या महिन्यात वडोदऱ्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. अक्षर सुरेख, मजकूर मात्र काळजीचा. त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा, इंग्रजी माध्यमात नववीत शिकणारा. घरात मराठी बोलतो. पण मराठी पुस्तक पुढे केले की ‘अक्षरे लवकर लागत नाहीत’ म्हणून मिटून ठेवतो. उलट पुठ्ठा, दोरा, खिळे, मोडकी घड्याळे यांत त्याचे तासन् तास जातात. वडिलांना तो वेळेचा अपव्यय वाटतो, आजींना घरभर होणाऱ्या केराचा त्रास होतो आणि आईला पुढल्या वर्षीच्या दहावीची धास्ती वाटते. ‘तुम्ही शाळामास्तर आहात. ह्या मुलाच्या हातांचे काय करावे आणि त्याच्यासाठी घेतलेल्या पुस्तकांचे काय करावे, ते एकदा सांगा,’ असे त्या लिहितात.

उत्तर लिहावयास बसलो आणि कोरे कागद काढण्यासाठी टेबलाचा खालचा खण उघडला. त्या खणात गेली पंचवीस वर्षे एक लाकडी बैल आहे. वीतभर लांब, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा. डावे शिंग पुरे झालेले, उजवे अर्धवट. तो बैल आमचा नव्हे. तो जप्त केलेला माल आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका गावच्या सरकारी शाळेत तेव्हा आम्ही मराठी शिकवीत होतो. पैनगंगेच्या दक्षिणेस मराठी बोलणारी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. आम्ही नदीच्या ह्या बाजूला राहिलो. त्यामुळे आमच्या मुलांना घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि आता शाळेत तिसरी, असा त्रिवेणी संगम लहानपणापासूनच लाभतो.

पोळा जवळ आला होता. श्रावण अमावास्येला आमच्या मराठी घरांत पोळा आणि शेजारच्या तेलुगू घरांत पोलाला अमावास्या; दिवस एकच. त्या दिवशी मातीच्या वा लाकडाच्या बैलांची पूजा होते. नववीतला एक मुलगा शेवटच्या बाकावर मांडीवर लाकूड घेऊन अर्ध्या ब्लेडने शिंग कोरीत होता. आम्ही फळ्यावर अलंकारांची उदाहरणे लिहीत होतो. शिंग कोरण्याचा आवाज तो केवढा! पण चार डोकी तिकडे वळली आणि आमचा पारा चढला. बैल काढून घेतला. दप्तर तपासले, तर त्यात शाळेच्या ग्रंथालयातले ‘फास्टर फेणे’ मालिकेतले एक पुस्तक निघाले. दोन महिने परत न केलेले, मुखपृष्ठ फाटलेले. त्याबद्दल वेगळे बोललो. ‘ही शाळा आहे, सुताराचे दुकान नव्हे,’ हे वाक्य आम्ही त्या दिवशी उच्चारले. ते आम्हांस शब्दशः आठवते. कारण सारा वर्ग हसला आणि तो मुलगा हसला नाही.

दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. कापसाचा हंगाम होता. कुठल्याशा जिनिंगमध्ये कामास लागल्याचे कळले. घरची ओढाताण हेच खरे कारण असणार, आमचे वाक्य नव्हे, असे आम्ही स्वतःस पुष्कळदा सांगितले आहे. तथापि एक गोष्ट काही केल्या मनातून जात नाही. त्या मुलाजवळ त्या वयात अशा दोनच गोष्टी होत्या, ज्या त्याला कोणी करावयास सांगितल्या नव्हत्या आणि तरीही तो करीत होता: एक बैल आणि एक पुस्तक. आम्ही एकाच तासात दोन्ही काढून घेतल्या. पुस्तकाचे मुखपृष्ठ वाचून वाचून फाटले असेल, हे तेव्हा सुचले नाही.

तेव्हा भगिनी, आमचे उत्तर ह्या खणापासून सुरू होते.

चौदा-पंधराच्या मुलाचे दिवस कसे जातात, ते पाहावे. त्याचे काहीच पुरे होत नाही. एक धडा संपला की दुसरा, एक चाचणी संपली की पुढची. तो कसा आहे, हे त्याला नेहमी दुसरे कोणीतरी सांगते: शिक्षक गुणांनी, नातेवाईक तुलनेने. अशा वयात स्वतः आरंभिलेली आणि स्वतःच पुरी केलेली एखादी वस्तू हातात असणे, ही फार मोठी गोष्ट आहे. चौरंगाचा पाय डुगडुगतो की नाही, हे सांगावयास परीक्षक लागत नाही. शेवटच्या पानापर्यंत वाचलेल्या गोष्टीचेही तसेच. ती आपण वाचली, हे आपणांस ठाऊक असते. म्हणून आमच्या मते हातांचे काम आणि आवडीचे वाचन ह्या दोन वेगळ्या आवडी नव्हेत. आरंभलेले शेवटास नेण्याची सवय, हीच त्या दोहोंची मुळी.

हा विचार आमचा नव्हे, आणि नवाही नव्हे. १९३७ साली वर्ध्यास महात्मा गांधींनी शिक्षण परिषद बोलाविली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिची योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन, त्यांचा जन्म हैदराबादचा, १८९७ सालचा. पुढे शाळांतून ‘कार्यानुभव’ नावाचा विषय आला आणि बहुतेक ठिकाणी त्याचे काय झाले, ते आपण सारे जाणतो: मुलाने दुकानातून तयार वस्तू आणावयाची, वडिलांनी नाव घालावयाचे, शिक्षकांनी गुण द्यावयाचे. हात तिघांचेही रिकामेच.

आम्हांस स्वतःस ही गोष्ट पुस्तकातून उमगली नाही. ती एका भाचीने शिकविली.

दोन वर्षांपूर्वी ती उन्हाळ्याच्या सुटीत हैदराबादेहून आमच्याकडे आली. वय चौदा. इंग्रजी, हिंदी, तेलुगू वाचण्यात तरबेज. मराठी बोलण्यात चुणचुणीत, वाचण्यात मात्र एकेक अक्षर चाचपणारी. आदिलाबादचा उन्हाळा म्हणजे दहा वाजता दारे लावून घ्यावीत असा. चौथ्याच दिवशी ती म्हणाली, “मामा, इथं करायचं काय असतं?”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने तिला निर्मलला नेले. पूर्वी आमच्याच जिल्ह्यात असलेले आणि २०१६ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झालेले हे गाव आमच्याहून सुमारे ८० किलोमीटरवर. तेथली खेळणी सर्वत्र प्रसिद्ध आहेत: लाकडाचे पेरू, सीताफळे, पोपट, हरणे. त्यासाठी वापरतात ते लाकूड तेलुगूत पोनिकी म्हणून ओळखले जाते. ते इतके हलके आणि मऊ की, कारागिराच्या छिन्नीखाली ते लोण्यासारखे उतरते. हे झाड आता रानात विरळ होत चालले आहे. एका वृद्ध कारागिराजवळ ती तासभर बसली. हरणाचे पाय, शिंगे, धड वेगवेगळे कोरून जोडलेले पाहून तिने विचारले, कशाने चिकटविता? त्याने वाटीतला तपकिरी लगदा दाखविला. चिंचोक्याची खळ, तीत लाकडाचा भुसा कालविला की सांधेही बुजतात आणि वर रंग नीट बसतो.

भाचीला त्या हरणापेक्षा त्या वाटीचेच अधिक नवल वाटले. “म्हणजे हे विकत आणावं लागत नाही?” परतीच्या बसमध्ये तिने हाच प्रश्न दोनदा विचारला.

घरी येताच मामीकडून चिंचोके मिळाले. कृती सोपी आहे; वाचकांनी अवश्य करून पाहावी. चिंचोके कढईत भाजावे, म्हणजे वरचे तपकिरी टरफल सुटते. ते पाखडून आतली पांढरी डाळ रात्रभर भिजत घालावी, सकाळी बारीक वाटावी आणि पुष्कळ पाणी घालून मंद आचेवर सारखी ढवळीत शिजवावी. लापशीसारखी दाट व चकचकीत झाली की खळ तयार. आमचे धनगर घोंगडीला जी खळ देतात, ती हीच. मात्र दोन दिवसांत तिला वास येऊ लागतो. म्हणून लागेल तेवढीच करावी.

खळ झाली, आता चिकटवावयाचे काय? शाळेच्या ग्रंथालयातून बाद ठरलेल्या पुस्तकांचा एक गठ्ठा आमच्या माळ्यावर पडून होता. रद्दीत घालण्यास मन होत नव्हते आणि दुरुस्तीस हात लागत नव्हता. तो तिच्यापुढे ठेवला. आमच्या लहानपणी हैदराबादी वळणाने बांधणीला ‘जिल्द’ म्हणत. जिल्द कशी बांधावी, हे आम्ही वडिलांकडून शिकलो होतो. ते तीस वर्षांनी पुन्हा हातांना आठवले.

आधी तिने वही शिवण्याचा सराव केला. तीही कृती येथे देतो. पत्रलेखिकेच्या चिरंजिवांना उपयोगी पडेल. आठ कागद एकत्र मधोमध दुमडावे. सोळा पाने, म्हणजे बत्तीस पृष्ठे होतात. दुमडण्यापूर्वी एक पाहावे: लाकडाप्रमाणे कागदालाही धागा असतो. एक कागद उभा व एक आडवा फाडून पाहिला, तर एका दिशेने तो सरळ फाटतो व दुसऱ्या दिशेने वाकडातिकडा. सरळ फाटतो त्या दिशेने घडी घातली की वही चापून बसते. घडीवर दाभणाने तीन भोके पाडावी. एक मध्यावर, दोन टोकांपासून दोन दोन बोटे आत. वहीच्या उंचीच्या अडीचपट दोरा घ्यावा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी, बाहेरून वरच्या भोकातून आत न्यावी, मधले भोक सोडून खालच्या भोकातून बाहेर काढावी आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणावी. आत एक लांब टाका दिसेल. दोऱ्याची दोन टोके त्याच्या दोन बाजूंस घेऊन गाठ मारावी. झाली वही. पहिलीला अर्धा तास लागतो, पाचवीला दहा मिनिटे.

मग पुस्तके. गठ्ठ्यातले पहिले निघाले, तेही ‘फास्टर फेणे’. आमच्या त्या जुन्या शाळेतले नव्हे, पण त्याच मालिकेतले. पाने सुटी झालेली, आणि पृष्ठक्रमांकांचे कोपरे नेमके उंदरांनी कुरतडलेले. शिवण्यापूर्वी पाने तर क्रमाने लागली पाहिजेत! आकडे नाहीत, मग एकच मार्ग उरला. एका पानाची शेवटची ओळ वाचावयाची आणि तिच्याशी जुळणारी पहिली ओळ उरलेल्या पानांतून शोधावयाची.

भाची कपाळाला आठ्या घालून बसली. पहिल्या दिवशी आठ पाने जुळली. दुसऱ्या दिवशी वीस. आम्ही मदतीस गेलो, तर तिने हाताने दूर सारले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो, तो जुळवाजुळव थांबलेली आणि ती भिंतीला टेकून वाचते आहे. “काय झालं?” म्हटले. “एक पान नाहीये मामा. नेमकं तेच. तो तिथून सुटला कसा?” असे म्हणून तिने उरलेला अख्खा गठ्ठा उपसला. पान सापडले नाही. तेव्हा एका कोऱ्या कागदावर, तो कसा सुटला असेल, ते तिने स्वतः लिहिले आणि त्या जागी शिवून टाकले. तिच्या मराठीत सात चुका होत्या. आम्ही त्या मोजल्या, कारण मोजण्याची सवय आहे; पण लाल शाई बाहेर काढली नाही. गेल्या पंचवीस वर्षांत आम्ही काही शिकलो असलो, तर एवढेच.

फुरसुंगीचा बनेश फेणे हा पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा किडकिडीत, सायकलवेडा मुलगा भा. रा. भागवतांनी निर्माण केला. बाहेरच्या मराठी वाचकांस हे वाचून बरे वाटेल की, भागवतांचा जन्म १९१० चा, इंदूरचा. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा मराठी मुलांपर्यंत त्यांनीच आणल्या. त्यांच्या वाक्यांत दम लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. ज्या मुलाचे वाचन अडखळते, त्याला आधी असा लेखक द्यावा, ज्याच्या मागे धावताना आपण अडखळलो, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. उपदेशाची पुस्तके नंतर.

येथे आमच्या स्वतःच्या बालपणाची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या घरी मराठी ‘चांदोबा’ येई आणि शेजारी तेलुगू ‘चंदमामा’. दोन्ही मद्रासेत छापले जात. चित्रे तीच, गोष्टी त्याच, लिपी तेवढी निराळी. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ दोन्हीकडे सारखाच लोंबे. आम्ही आणि शेजारचा मित्र दोन अंक शेजारी शेजारी ठेवून चित्राखालची अक्षरे ताडून पाहत असू. तेलुगू वाचावयास आम्ही तसे शिकलो आणि तो मराठी. १९४७ साली निघालेले हे मासिक २०१३ साली बंद पडले. ‘चांदोबा’ गेला, पण ती युक्ती गेलेली नाही. एकच गोष्ट दोन भाषांत मिळाली, तर मुलापुढे दोन्ही ठेवावी. ज्या भाषेत तो पळतो, ती भाषा दुसरीचे बोट धरते.

भाचीच्या सुटीचे तीन आठवडे उरले होते. तिने नऊ पुस्तके बांधली. बांधता बांधता त्यांतली चार वाचली. त्यांत एक होते प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’. १९९४ साली प्रसिद्ध झालेला हा कथासंग्रह. ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही त्याची पुढली भावंडे. संत हे कऱ्हाडला भूशास्त्राचे प्राध्यापक आणि कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव. त्यांच्या कथांतला लंपन हा मुलगा बेळगावकडच्या भागात आजी-आजोबांजवळ राहतो. त्याच्या भोवतालच्या माणसांच्या मराठीत कानडी शब्द आणि कानडी हेल सहज मिसळलेले. चार पाने वाचून भाची थांबली.

“मामा, असं मराठी पुस्तकात चालतं?”

“असं म्हणजे?”

“म्हणजे... मिक्स. आपल्या घरी बोलतो तसं.”

वाचकहो, ह्या प्रश्नापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ह्या मुलीने आजवर मराठी पुस्तक का मिटून ठेवले होते, ते आम्हांस त्या क्षणी कळले. अक्षरे लागत नव्हती, हे अर्धेच कारण. पुस्तकातली मराठी ही पुण्याच्या लोकांची आणि आपण बोलतो ती कसलीतरी मोडकी, असे तिच्या मनाने घेतले होते. कोणी घेवविले? हैदराबादच्या मराठी मुलाच्या तोंडी ‘हौ’ आणि ‘नक्को’ येते, आदिलाबादच्या मुलाच्या तोंडी ‘काहून’ येते, वडोदऱ्याच्या मुलाच्या तोंडी गुजराती वळण येते. आणि आम्ही वडीलधारी, विशेषतः एम. ए. झालेले, दर वाक्यागणिक ते दुरुस्त करतो. दुरुस्तीच्या भीतीने मूल गप्प होते आणि मग आम्हीच म्हणतो, मुलांना मराठी नकोशी झाली. बनेश फेणेने तिचे वाचन सुरू केले. पण मराठी आपलीही आहे, हे तिला लंपनने सांगितले. ज्यांची मुले सीमेवर वा सीमेबाहेर वाढत आहेत, त्यांनी हे पुस्तक घरात ठेवावेच.

तिसरे नाव सांगावयाचे, ते वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’चे. १९८१ साली आलेले हे चरित्र आजही किशोरवयीन वाचकांच्या हाती दिसते. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा निष्णात कृषिशास्त्रज्ञ झाला. पण तो चित्रे काढी, विणकाम करी, अलाबामाच्या मातीतून रंग बनवी. टस्कीगीच्या संस्थेत १८९६ साली तो गेला, तेव्हा प्रयोगशाळा नव्हती. उकिरड्यावरच्या बाटल्या, भांडी गोळा करून त्याने ती उभी केली. कापसाने जमीन निःसत्त्व झालेल्या शेतकऱ्यांना त्याने भुईमूग पेरावयास सांगितले. आमचा जिल्हा काळ्या मातीचा, कापसाचा. गुलाबी बोंडअळीने अलीकडच्या वर्षांत हैराण झालेला. हे पुस्तक आमच्या मुलांना परक्या देशाचे वाटत नाही. वाचून झाल्यावर एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारले, “सर, हा माणूस आपल्याकडं आला असता, तर काय पेरा म्हणाला असता?” उत्तर आम्ही दिले नाही. त्याला वडिलांना विचारून लिहून आणावयास सांगितले.

ते लिखाण आमच्या हस्तलिखितात आले. भाची परत गेल्यावर शाळा उघडली, तेव्हा आम्ही ही जुनी प्रथा पुन्हा सुरू केली. २०२२-२३ पासून आमच्या राज्यातल्या सरकारी शाळांतून इंग्रजी माध्यम आले; मराठी माध्यमात बसणारी मुले आमच्याकडे थोडी उरली आहेत. त्या थोड्यांचे हे हस्तलिखित. नियम दोनच. प्रत्येकाने स्वतः केलेली एक वस्तू कशी केली, ते लिहावयाचे. आणि वाचलेले एक पुस्तक असे सांगावयाचे की, दुसऱ्याला ते मागावेसे वाटेल. कागद मुलांनीच शिवले, खळ मुलांनीच केली, मुखपृष्ठावर पळसाच्या फुलांचा रंग.

नववीतल्या एका मुलाने पोळ्याचे मातीचे बैल कसे करावे, ते लिहिले. माती चाळून घ्यावी, वाळताना तडकू नये म्हणून तीत थोडा कापूस पिंजून किंवा भुसा कालवावा, पायांत काड्या घालाव्या, उन्हात न ठेवता सावलीत तीन दिवस वाळू द्यावे. सारे बिनचूक. मात्र माती कोणती? त्याने लिहिले होते, ‘रेगडी’. हा तेलुगू शब्द. आमचा हात सवयीने लाल शाईकडे गेला. ‘काळी माती’ लिहावे, म्हणून. मग आठवले की, भूगोलाच्या पुस्तकातली ‘रेगूर’ मृदा, जी आम्ही पाठ करून परीक्षा दिली, ती ह्याच तेलुगू शब्दावरून आलेली आहे. विद्वानांनी उचललेला शब्द शुद्ध, आणि शेतकऱ्याच्या मुलाने घरून आणलेला तेवढा अशुद्ध? शब्द तसाच ठेवला.

आता भगिनी, आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर. मुलाच्या हातांस काम द्यावे, पण ते घरच्या वस्तूंचे असावे, दुकानातल्या पेटीचे नव्हे. वही शिवणे, फाटकी पुस्तके बांधणे, मातीची चित्रे करणे, पळसाच्या फुलांपासून वा हळदीपासून रंग काढणे. एवढ्यावर एक सुटी जाते. आपण ज्या प्रांतात राहतो, तेथल्या कारागिराजवळ त्याला एक दिवस नेऊन बसवावे. त्या प्रांताची भाषा त्याला अशी गोडीने कळेल. आमच्या मुली पोळ्याचे बैलही करतात आणि तेलुगू मैत्रिणींबरोबर तरवडाची व कुरडूची फुले रचून बतुकम्माही करतात. त्यात कोणाचे काही उणे होत नाही. पुस्तके त्याच्या हाताशी येतील अशी ठेवावी. हातात देऊ नयेत. आधी भागवत, मग संत, मग गवाणकर, असा क्रम आमच्या अनुभवास आला. आपला निराळा असू शकेल. परगावी पुस्तके मिळत नाहीत, ही अडचण खरी. पण बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता महाजालावर विनामूल्य वाचावयास मिळतात. मोबाइल हातात असतोच. तो एवढ्यापुरता उपयोगी पडू द्यावा. आणि मुख्य म्हणजे, त्याने काही केले वा वाचले, तर चूक दाखविण्याआधी ‘पुढे काय झाले?’ असे विचारावे. आमच्या शाळेत आता वर्गात जप्त झालेली वस्तू त्याच दिवशी शाळा सुटताना परत मिळते, आणि परत देताना शिक्षकाने हाच प्रश्न विचारावयाचा असतो.

दहावीचे काय, असे वडील विचारतील. दहावी होईल. ज्याला पाने जुळविता येतात, त्याला धडेही जुळविता येतात.

राहिला तो बैल. तो मुलगा आता चाळिशीच्या घरात असेल. दर पोळ्याला आमच्या घरी त्याचा बैल इतर बैलांबरोबर पाटावर ठेवतात, हळदकुंकू वाहतात. गेल्या वर्षी भाचीने विचारले, “मामा, दुसरं शिंग मी करून देऊ?” हात चांगला बसला आहे तिचा, केलेही असते. आम्ही नको म्हटले. ते काम ज्याचे त्याने करावयाचे आहे. कधी आला, तर बैल तसाच त्याच्या हाती देऊ.

आपल्या चिरंजिवांनी पहिली वही शिवली, की तिच्या पहिल्या पानावर काय लिहिले, ते मात्र आम्हांस अवश्य कळवावे.